नासलेली जमीन साफ करण्याचा खर्च कोणाच्या खिशातून?

दुकानात बसले की गिऱ्हाईक कापड कमी बघते आणि गावच्या गोष्टी जास्त करते. मागे एक जुने गिऱ्हाईक, शेतकरी माणूस, लुंगीचे कापड हातात घेऊन मला विचारू लागले, "शेठ, कचऱ्याच्या जागेखालची जमीन एकदा नासली तर ती साफ करायला पैसे कोण देतो? सरकार देते का?" मी म्हटले, देते. ते म्हणाले, "मग सरकारला कोण देतो?" या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हते. तेव्हापासून जेथे जे वाचायला मिळाले ते वाचले, जाणकारांना विचारले, आणि जे समजले ते व्यापारी बंधूंच्या आणि कारागीर भावांच्या पुढे मांडत आहे. मी कापडाचा धंदा करणारा माणूस आहे, वकील किंवा इंजिनिअर नाही. म्हणून हिशेबाच्या भाषेत लिहितो.

आधी एक फरक ध्यानात घ्यावा लागतो, कारण सगळा घोटाळा तेथेच होतो. "खराब जमीन" असे आपण एका शब्दात म्हणतो, पण सरकारी वहीत तिची तीन वेगवेगळी खाती आहेत. पहिले खाते गावच्या कचऱ्याच्या ढिगाचे. ही जागा नगरपंचायतीची किंवा महापालिकेची असते आणि कचरा तुमचा-आमचा असतो. दुसरे खाते कारखान्याच्या विषारी मालाने खराब झालेल्या जमिनीचे, जिचा मालक हयात आहे आणि सापडतो. तिसरे खाते अशा जमिनीचे, की विष पडून आहे पण टाकणारा पळाला, दिवाळे निघाले किंवा कंपनीच बंद झाली. कायद्याच्या भाषेत हिला अनाथ जागा म्हणतात. आपल्या भाषेत बुडीत खाते. तिन्ही खात्यांचे पैसे वेगवेगळ्या तिजोरीतून येतात. चुकीच्या खिडकीवर अर्ज घेऊन उभे राहिलात तर वर्षे निघून जातात आणि हातात फक्त पोच राहते.

लांजाचा सवाल

आपल्या गावाचा सवाल पहिल्या खात्यातला आहे. लांजा-कुवे नगरपंचायतीला घनकचरा प्रकल्पासाठी जागा हवी आणि कोत्रेवाडीच्या ग्रामस्थांनी आपल्या भागातील जागेला विरोध केला. वस्ती जवळ, पाणी जवळ, हे त्यांचे म्हणणे. बाजारपेठेतील काही मंडळींना वाटते की वाडीचे लोक उगाच अडून बसतात, कचरा कोठे तरी जायला हवाच. कचरा कोठे तरी जायला हवा, ही गोष्ट खरी. पण त्या कचऱ्यात सर्वांत जास्त भर कोणाची, हेही बघा. माझ्या दुकानातून एका दिवसात साडीच्या आणि शर्टाच्या किती प्लास्टिक पिशव्या बाहेर पडतात ते मी मोजले तेव्हा मलाच शरम वाटली. शिलाईच्या दुकानांतील चिंध्या वेगळ्या, आणि आजकालच्या चिंध्या सुती राहिल्या नाहीत. पॉलिएस्टर जमिनीत कुजत नाही.

दुसरे म्हणजे आपली जमीन. कोकणातला सडा जांभ्याचा आहे. जांभा वरून दगड दिसतो, पण आतून तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोकळ असतो. देशावरच्या काळ्या चिकणमातीत घाण पाणी हळूहळू उतरते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जो पाऊस कोसळतो, तो कचऱ्याच्या ढिगातून काळे पाणी घेऊन जांभ्याच्या भेगांतून खाली जातो आणि उताराच्या विहिरीला किंवा पऱ्याला लागतो. ढीग वर सड्यावर आणि विहीर खाली वाडीत, हे आपल्या सगळ्या जिल्ह्याचे चित्र आहे. म्हणून खाली अस्तर घातल्याशिवाय आणि काळे पाणी गोळा करण्याची टाकी बांधल्याशिवाय सड्यावर ढीग लावणे म्हणजे उद्याच्या साफसफाईचे बिल आजच फाडून ठेवणे आहे.

आता पैशाचे. स्वच्छ भारत अभियानाचा शहरी भागासाठीचा दुसरा टप्पा १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. त्यात जुन्या कचऱ्याचे ढीग हटवून जमीन मोकळी करणे हे एक मोठे काम ठरवले गेले. केंद्राचा वाटा गावाच्या आकारावर ठेवला. एक लाखापेक्षा कमी वस्तीच्या गावाला ५० टक्के, एक ते दहा लाख वस्तीला ३३ टक्के, दहा लाखांवरच्या शहराला २५ टक्के. बाकीचा भार राज्य आणि नगरपालिका यांच्यावर. खर्चाचा अंदाज टनाला ५५० रुपये धरला होता. लांजा लाखाच्या आतले गाव, म्हणजे निम्म्या हिश्शाच्या रांगेत. समजा एखाद्या नगरपंचायतीकडे १०,००० टन जुना कचरा साचला आहे. ५५० च्या भावाने ५५ लाख रुपये होतात. केंद्राचे साडेसत्तावीस लाख, आणि उरलेले साडेसत्तावीस राज्य आणि गाव मिळून. म्हणजे सरकार सगळे देते हे खरे नाही, आणि सरकार काही देत नाही हेही खरे नाही. या टप्प्याची मुदत पाच वर्षांची, २०२६ पर्यंतची धरली होती, म्हणून कोणत्याही नगरपंचायतीला पहिला प्रश्न हाच विचारायचा की आपला प्रस्ताव मुदतीत गेला का, आणि गेला असेल तर किती टनांचा गेला.

टनांचा आकडा फार महत्त्वाचा आहे. ढीग डोळ्याने मोजता येत नाही. सर्व्हे करून, उंची-रुंदी मापून, खड्डे घेऊन तो ठरवावा लागतो. ठेकेदाराला पैसे टनाने मिळतात. वजनकाटा कोणाचा आणि काट्यावर उभा कोण, हे आपल्याला सांगायला नको. कापसाच्या गाठीत पाणी मारून वजन वाढवणारे आपण पाहिलेले आहेत. पावसात भिजलेला कचराही वजन वाढवतो.

काम कसे करतात, तेही थोडक्यात. ढीग फोडून त्याच्या लांब रांगा लावतात, त्यावर जिवाणूंचे पाणी मारतात, रांगा पुन्हा पुन्हा उलटतात. वास आणि ओल कमी झाली की सगळा माल फिरत्या चाळणीतून काढतात. बारीक मातीसारखा भाग एकीकडे, दगड-विटा दुसरीकडे, प्लास्टिक आणि चिंध्या तिसरीकडे. प्लास्टिक-चिंध्या सिमेंटच्या भट्टीत जळणासाठी जातात. आपल्यासारख्या ठिकाणी अडचण अशी की सिमेंटची भट्टी लांब आहे आणि गाडीभाडे मालापेक्षा महाग पडते. ५५० रुपयांत ते बसते की नाही, हे ठेकेदाराने कागदावर दाखवायला हवे. बसले नाही तर तो माल रात्री दुसऱ्या कोठल्या तरी पऱ्यात पडतो.

हा ५५० चा भाव मुंबईच्या भावाशी ताडून पाहा. देवनारच्या कचराभूमीसाठी मुंबई महापालिकेने २०२५ च्या मे महिन्यात निविदा काढली. सुमारे १ कोटी ८५ लाख टन कचरा, खर्च २,३६८ कोटी रुपये, मुदत तीन वर्षे. भागाकार केला तर टनाला सुमारे १,२८० रुपये पडतात. तेथली काही जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायची आहे, म्हणून ती घाईने मोकळी करायची. गोवंडी, शिवाजीनगर, बैगनवाडीत आपल्यापैकी कित्येकांचे नातेवाईक राहतात. पिढ्या त्या धुरात वाढल्या. तेव्हा कोणाला घाई नव्हती. असो. मुद्दा एवढाच की तेथे पैसा मुंबईच्या करदात्याचा आहे, आणि जमीन मोकळी झाल्यावर तिचा फायदा कोणाच्या खात्यात जमा होतो, हा वाद तेथेही चालू झाला.

लाल विहिरी आणि आपले कापड

आता दुसरे खाते. हे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण यात आपला कापडाचा धंदा थेट येतो.

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी तेथे काही रासायनिक कारखाने उभे राहिले. त्यांपैकी एक कारखाना एच-ॲसिड नावाचा पदार्थ बनवत होता. हे एच-ॲसिड म्हणजे कापडाच्या रंगाचा कच्चा माल. गडद निळे, काळे, लाल असे अनेक रंग त्यापासून निघतात. पाश्चात्त्य देशांनी त्याचे उत्पादन बंद केले होते, म्हणून येथे बनवून बाहेर पाठवण्यात नफा होता. न्यायालयापुढे आलेल्या आकड्यांप्रमाणे सुमारे ३७५ टन माल तयार झाला आणि त्यामागे सुमारे २,४४० टन विषारी गाळ उरला. म्हणजे एक किलो मालामागे साडेसहा किलो घाण. हा गाळ उघड्यावर टाकला. पावसाने तो जमिनीत उतरला. सुमारे ६० विहिरींचे पाणी लालसर झाले. माणसे पिऊ शकेनात, जनावरे पिऊ शकेनात, शेताला देता येईना. लोक इतके चिडले की सरकारला जमावबंदी लावावी लागली.

सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी १९९६ रोजी निकाल दिला. ज्याने घाण केली त्याने साफ करण्याचा खर्च द्यावा, हे तत्त्व आपल्या देशात पक्के झाले ते या निकालाने. नंतर १९९७ मध्ये साफसफाईची रक्कम ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये ठरली. कारखानदारांनी दिली नाही. एकामागून एक अर्ज करत राहिले. शेवटी जुलै २०११ मध्ये न्यायालयाने सांगितले की नोव्हेंबर १९९७ पासून १२ टक्के दराने चक्रवाढ व्याजासह भरा, आणि वर दहा लाख रुपये खर्चाचे. आपण व्याजाच्या भानगडीत पडत नाही, तरी पण हिशेब समजतो. चौदा वर्षांत चक्रवाढीने मुद्दल चौपटीहून जास्त होते. न्यायालयाचे म्हणणे सरळ होते, की पैसे अडवून धरणाऱ्याला अडवण्यातून फायदा होता कामा नये.

पण बिछडीच्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहा. विहीर लाल झाली १९८९ च्या सुमारास. निकाल १९९६. रक्कम १९९७. पुन्हा आदेश २०११. मधल्या काळात ज्याचे शेत गेले तो काय खात होता? "टाकणाऱ्याने भरावे" हे वाक्य कितीही न्यायाचे असले तरी वसुली होईपर्यंत जमीन वाट पाहत नाही. विष खाली उतरत राहते आणि साफसफाईचा खर्च दरवर्षी वाढत जातो.

म्हणून प्रश्न येतो, की सरकारने आधी स्वतःच्या पैशाने साफ करून घ्यावे आणि मग टाकणाऱ्याकडून वसूल करावे का? या प्रश्नाचे उत्तर तमिळनाडूतून आले. पूर्वीच्या वेल्लोर जिल्ह्यातील वाणियंबाडी, अंबूर, राणीपेट ही नावे चामड्याच्या धंद्यातल्या कोणालाही माहीत असतात. टॅनऱ्यांचे मालक मोठ्या संख्येने आपल्या समाजाचे. पालार नदीच्या काठची शेती त्यांच्या क्षाराच्या आणि क्रोमच्या पाण्याने खराब झाली. २८ ऑगस्ट १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक टॅनरीला दहा हजार रुपये दंड लावला आणि नुकसान मोजण्यासाठी एक प्राधिकरण नेमायला सांगितले. त्या प्राधिकरणाने २००१ मध्ये २९ हजारांहून अधिक लोकांसाठी सुमारे २६ कोटी ८२ लाख रुपयांची भरपाई ठरवली. पुढे वाद, अपिले, थकबाकी. ३० जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की ज्यांना भरपाई मिळालेली नाही त्यांना राज्य सरकारने सहा आठवड्यांत द्यावी आणि मग ती कारखानदारांकडून वसूल करावी.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. आपल्या समाजातील काही मंडळी अशा प्रकरणात लगेच म्हणतात की आपल्या धंद्यावर नेम धरला. वेल्लोरमध्ये ज्यांच्या विहिरी खारट झाल्या त्यांच्यातही आपले लोक होतेच, आणि शेजारी तर शेजारीच असतो. पडोशाच्या विहिरीत घाण सोडून कमावलेला पैसा कोणत्या खात्यात लिहायचा, ते ज्याने त्याने ठरवावे.

बुडीत खाते

राणीपेटमध्येच तिसऱ्या खात्याचे उदाहरण आहे. टॅनऱ्यांना लागणारे क्रोमचे मीठ बनवणारा एक कारखाना तेथे होता, सरकारी महामंडळाशी संबंध असलेला. १९९५ मध्ये तो बंद पडला आणि मागे सव्वादोन लाख टनांच्या आसपास क्रोमचा कचरा ठेवून गेला. पिवळे पाणी पावसात बाहेर येते. कंपनी संपली, कामगार पांगले, ढीग मात्र तेथेच. तो हलवण्याचा खर्च शेवटी सार्वजनिक पैशावरच येऊन पडतो, कारण दुसरा खिसाच उरलेला नाही.

आणि भोपाळ. १९८४ च्या त्या रात्रीबद्दल सांगायला नको. कारखान्याच्या आवारात पडलेला ३३७ टन कचरा चाळीस वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, पीथमपूरला नेला आणि जूनअखेर जाळून संपवला. त्यासाठी १२६ कोटी रुपये सरकारी तिजोरीतून मंजूर झाले. येथेही भागाकार करा. टनाला सुमारे ३७ लाख रुपये! गावच्या ढिगाचा भाव ५५० रुपये, देवनारचा १,२८०, आणि भोपाळचा ३७ लाख. माल जितका विषारी आणि उशीर जितका मोठा, तितका भाव चढतो. शिवाय त्या ३३७ टनांत कारखान्याखालची माती आणि आसपासच्या वस्तीचे भूजल धरलेले नाही.

या सगळ्या गोंधळासाठी अनेक वर्षे स्वतंत्र नियमच नव्हते. ते जुलै २०२५ मध्ये आले, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खाली. त्यांची रीत अशी. स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायची. लोकांच्या तक्रारीवरूनही जागा यादीत येऊ शकते. मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपास करायचा, नंतर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपास. ठरलेल्या मर्यादेपेक्षा विष जास्त निघाले तर जागा जाहीर करायची, लोकांना तेथे जाण्यास अटकाव करायचा आणि तज्ज्ञ संस्थेकडून साफसफाईचा आराखडा करून घ्यायचा. जबाबदार कोण हे मंडळाने ९० दिवसांत शोधायचे. जबाबदार माणूस सापडला तर खर्च त्याचा. सापडला नाही किंवा त्याची ऐपतच नसेल तर केंद्र आणि राज्य यांनी खर्चाची व्यवस्था करायची.

नियम वाचताना दोन गोष्टी मला खटकल्या. एक, तपासाला मुदती आहेत, पण प्रत्यक्ष साफसफाई कधी पुरी करायची याला मुदत नाही. कापड कधी मापायचे ते ठरले, शिवून कधी द्यायचे ते नाही. दुसरी गोष्ट आपल्यासाठी जास्त महत्त्वाची. गावच्या साध्या कचऱ्याचा ढीग या नियमांत सरसकट येत नाही. खाणी, किरणोत्सारी कचरा आणि समुद्रातील तेल यांनाही बाहेर ठेवले आहे. म्हणून कोत्रेवाडीसारख्या प्रश्नावर कोणी या नियमांचा कागद नाचवू लागला तर त्याला सांगा, ही खिडकी वेगळी आहे. कचऱ्याच्या ढिगात कोणी कारखान्याचा विषारी माल आणून मिसळला आणि मर्यादा ओलांडली, तर मात्र गोष्ट बदलते.

नियम जाहीर झाले तेव्हा देशात १०३ जागा दूषित म्हणून नोंदलेल्या होत्या आणि त्यांपैकी फक्त ७ ठिकाणी साफसफाई सुरू झाली होती. पैसा कमी पडतो हे एक कारण. अमेरिकेने या कामासाठी १९८० मध्ये वेगळा निधी उभारला आणि रसायने व तेल बनवणाऱ्या कंपन्यांवर कर बसवून तो भरला. आपल्याकडच्या भिशीसारखे, सगळ्यांनी भरायचे आणि ज्याच्यावर पाळी येईल त्याचे काम त्यातून करायचे. १९९५ मध्ये त्या कराची मुदत संपली. मग भार सामान्य करदात्यावर आला आणि कामे रेंगाळली. २०२१ मध्ये त्यांनी कर पुन्हा आणला. आपल्याकडे १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने घातक माल हाताळणाऱ्याला विमा घ्यावा लागतो आणि हप्त्याइतकीच रक्कम एका मदत निधीत भरावी लागते. कल्पना तीच, पण तो निधी अपघातात जखमी झालेल्यांसाठी काढला गेला होता, जुनी जमीन धुण्यासाठी नाही.

किती साफ म्हणजे साफ, हाही तंट्याचा विषय होतो. कोडाईकनालला थर्मामीटरच्या कारखान्याच्या पाऱ्याने जमीन खराब झाली. कारखाना २००१ मध्ये बंद झाला. खर्च हिंदुस्थान लिव्हर कंपनीचाच होता, तरी एक किलो मातीत २० मिलिग्रॅम पारा राहू द्यायचा की त्याहून कमी, यावर तेथील लोक आणि कंपनी वर्षानुवर्षे भांडले. कारण प्रत्येक मिलिग्रॅम खाली उतरवायला पैसे लागतात.

लोटे दूर नाही

आपण म्हणू, लांज्यात कारखाने कोठे आहेत? नाहीत. पण महामार्गाने वर जा. संगमेश्वर, चिपळूण मागे टाकून परशुराम घाट चढलात की लोटे. रासायनिक कारखान्यांची वसाहत, आपल्याच जिल्ह्यातली. तेथील सांडपाणी दाभोळच्या खाडीकडे जाते आणि खाडीवरील मच्छीमारांच्या तक्रारी जुन्या आहेत. आपल्या तालुक्यातील कित्येक मुले तेथे नोकरीला आहेत, त्यामुळे बोलताना जपून बोलावे लागते. पण एक हकीकत उघड आहे. इटलीत विचेंझा प्रांतात मितेनी नावाचा कारखाना होता. १९६० च्या दशकात तो मार्झोत्तो या कापडाच्या मोठ्या घराण्याने सुरू केला होता, पाणी आणि डाग न धरणारे कापड बनवण्याची रसायने शोधण्यासाठी. ही रसायने निसर्गात विरघळून जात नाहीत. सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्यात ती उतरली. २०१८ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले, म्हणजे खाते बुडीत गेले. जून २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने ११ जुन्या अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावल्या. आणि त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात भारतीय कंपनीने विकत घेऊन लोट्याला आणली.

लोट्याची जमीन त्यामुळे बिघडली असे मी म्हणत नाही. यंत्र वाईट नसते, चालवणाऱ्यावर असते. पण कारखाना चालू होण्याआधीचे माती-पाण्याचे आकडे कागदावर असतील तर वीस वर्षांनी कोणी म्हणू शकणार नाही की हे विष आधीपासूनच होते. बिछडीत आणि वेल्लोरमध्ये बराच काळ याच वादात गेला.

आधी भरलेला पैसा स्वस्त

सरकारी पैसा साफसफाईपेक्षा रोखण्यासाठी जास्त सहज मिळतो, हे कारागीर बंधूंनी लक्षात ठेवावे. सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी २०१२ च्या सुधारित योजनेत केंद्र ५० टक्के, राज्य २५ टक्के आणि उद्योजक २५ टक्के असा वाटा ठरला. कापड रंगाई-छपाईसाठी २०१३ मध्ये वस्त्रोद्योग मंत्रालयाची स्वतंत्र योजना आली. तिच्यात केंद्र ५०, राज्य २५, उद्योजक १५ आणि बँकेचे कर्ज १० टक्के, आणि केंद्राची कमाल मदत ७५ कोटी. पण अट अशी की एकट्या-दुकट्याला मिळत नाही, सगळ्यांनी मिळून संस्था करावी लागते. आपल्या लोकांचे घोडे येथेच अडते. भिवंडी असो, मालेगाव असो, चार जण एका सहीवर येत नाहीत.

याची किंमत मी स्वतः मोजली आहे. १९९० च्या दशकात ज्या प्रोसेस हाऊसमधून मी माल रंगवून घेत असे, तेथील सांडपाणी नाल्यात जात होते. मला माहीत होते. नालाच कधी निळा, कधी गुलाबी दिसायचा. त्यांचा भाव मीटरला थोडा कमी होता, म्हणून मी डोळे झाकले. ऐन रमजानच्या तोंडावर त्याला टाळे लागले आणि माझे सत्तावीस तागे आत अडकले. ईद होऊन गेल्यावर माल सुटला, तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे गेले होते. मीटरमागे वाचवलेले सगळे पैसे एका हंगामात गेले, वर उधारी झाली. वालिदसाहेब तेव्हा हयात होते. ते एवढेच म्हणाले, "बेटा, सस्ता क्यूं था, ये पूछना था."

गॅरेजवाले, जुन्या बॅटऱ्यांचे काम करणारे, सोन्या-चांदीला झिलई देणारे, भांड्यांना मुलामा करणारे, यांनीही सावध असावे. जुन्या बॅटरीचे शिसे आणि ॲसिड परसात ओतले तर ती जमीन लहान असली तरी खराबच होते, आणि जबाबदार माणूस कोण हे शोधायला मंडळाला ९० दिवसही लागणार नाहीत. तसेच कोणी बंद कारखान्याची किंवा जुन्या गोदामाची जागा स्वस्तात देतो म्हटले तर सातबारा पाहण्याबरोबर माती आणि विहिरीचे पाणीही तपासून घ्यावे.

आणि दाद मागायची असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. २०१० च्या कायद्याच्या १५ व्या कलमाखाली भरपाई आणि जमीन पूर्ववत करण्याची मागणी करता येते, पण कारण घडल्यापासून पाच वर्षांच्या आत. उशीर केलात तर हक्क असूनही दार बंद होते.

माझ्या त्या जुन्या गिऱ्हाइकाला मी अखेर उत्तर दिले. सरकारला आपणच देतो, घरपट्टीतून, दुकानाच्या करातून आणि प्रत्येक मीटर कापडावरच्या जीएसटीतून. तेव्हा त्यांनी विचारले, मग आता करू काय? आम्ही दोघांनी मिळून माहिती अधिकाराचा एक अर्ज लिहिला. दहा रुपयांचे तिकीट लावले. प्रश्न चारच ठेवले. जुना कचरा किती टन आणि तो कोणी मोजला. केंद्र आणि राज्याकडून किती रक्कम मंजूर झाली आणि किती हातात आली. नव्या जागेत अस्तर आणि काळ्या पाण्याची टाकी यांची तरतूद अंदाजपत्रकात आहे की नाही. आणि चाळलेले प्लास्टिक कोठे जाणार, गाडीभाडे कोण देणार. शिवाय त्यांच्या वाडीतील दोन विहिरींचे पाणी पावसाआधी तपासायला द्यायचे ठरले, प्रयोगशाळेचा शिक्का असलेला कागद घेऊन. एका विहिरीचे पैसे ते देतील, दुसरीचे मी.